नातं कशावर टिकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघं सहा वर्षं एकत्र आहात. प्रेम आहे, विश्वास आहे, पण ठरावीक विषयांवर तीच ती भांडणं होतात. गेल्या वर्षभरात तुमच्या ओळखीतल्या दोन जोड्या वेगळ्या झाल्या, आणि त्यातली एक सगळ्यांना आदर्श वाटायची. तेव्हापासून तुमच्या मनात धास्ती बसली आहे. नातं टिकतं ते स्वभाव जुळल्यामुळे, तडजोडीमुळे की नशिबामुळे, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं जोडप्यांचं समुपदेशन करते. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आणखी एक प्रश्न दडलेला असतो: आमचंही तसंच होणार का? म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. तुमच्यात भांडणं होतात, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तीच ती होतात, यावरूनही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांची संभाषणं चित्रित करून त्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असं आढळलं, की जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच कायमचे मिटत नाहीत, आणि हे समाधानी जोडप्यांनाही लागू आहे. एकाला वेळ पाळायची सवय, दुसऱ्याला नाही. एकाला माणसांत रमायचं असतं, दुसऱ्याला घरी शांत बसायचं असतं. एक पैसा जपणारा, दुसरा हौसेने खर्च करणारा. असे फरक दहा वर्षांनीही तसेच राहतात. टिकणाऱ्या जोड्यांना त्या फरकासकट राहता येतं. त्या विषयावर बोलताना त्यांना कुरबुर करता येते, चिडता येतं, मध्येच हसताही येतं. फरक मिटत नाही, पण त्याची धार जाते.

स्वभाव जुळण्याला आपण फार मोठं स्थान देतो. २०२० साली समँथा जोएल आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी ४३ वेगवेगळ्या अभ्यासांतली, ११ हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती एकत्र करून संगणकाच्या मदतीने तपासली. नात्यातलं समाधान कशावरून सर्वांत चांगलं ओळखता येतं, हे त्यांना पाहायचं होतं. जोडीदाराचा स्वभाव, त्याचं वय किंवा शिक्षण यांतून फारसं हाती लागलं नाही. उपयोगी ठरलं ते दोघांच्या मध्ये काय घडतं हे: समोरचा या नात्यात मनापासून आहे असं वाटतं का, आपली कदर होते असं वाटतं का, शारीरिक जवळिकीत समाधान आहे का, जोडीदार आपल्यासोबत खूश आहे असं वाटतं का, आणि भांडणं किती व कशी होतात. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढच्या काळात हे समाधान वाढेल की घटेल, हे आजच्या उत्तरांवरून जवळजवळ सांगताच आलं नाही. म्हणून 'आमचं पुढे काय होणार' या काळजीत रात्री जागवू नका. त्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही.

माझ्या कामातून माझं जे मत बनलं आहे, ते असं. दोघांच्याही मनात दोन खात्र्या असतील तर नातं टिकतं. पहिली, मी हाक मारली तर ओ मिळेल. दुसरी, आपलं बिनसलं तरी आपण परत एकमेकांकडे येऊ. या दोन खात्र्या शाबूत असतील तर माणसं खूप काही निभावून नेतात. त्या गेल्या, की भांडण होत नसलं तरी नातं आतून रिकामं होत जातं. तुमच्या ओळखीतल्या त्या आदर्श जोडीबद्दल मला काही माहीत नाही. पण ज्यांच्या घरात कधी आवाज चढला नाही अशी जोडपी वेगळी होताना मी पाहिली आहेत. त्यांच्यात भांडण्याइतकी अपेक्षाच उरलेली नव्हती.

हाक आणि ओ म्हणजे काय, ते सांगते. संध्याकाळी एक जण मोबाइलवर काहीतरी पाहत बसला आहे. दुसरी म्हणते, 'आज आमच्या मीटिंगमध्ये काय झालं माहितेय?' ही हाक. तिला तो प्रसंग सांगायचा असतोच, पण त्याहून जास्त तिला तो तिच्याकडे वळायला हवा असतो. आता तीन गोष्टी होऊ शकतात. तो मान वर करून 'काय झालं?' म्हणतो. किंवा स्क्रीनवरून नजर न काढता 'हं' म्हणतो. किंवा 'दोन मिनिटं शांत बसू देशील का?' असं म्हणून तिला तोडून टाकतो. यातला दुसरा प्रकार सर्वांत निरुपद्रवी वाटतो, आणि घरोघरी सर्वांत जास्त तोच असतो. पण रोज तेच झालं, की माणूस हळूहळू हाक मारणंच सोडून देतो. त्याची तक्रारही करत नाही, कारण तक्रार करण्याइतकं मोठं काही घडलेलंच नसतं. गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं वागणं टिपून ठेवलं आणि सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं. जी जोडपी एकत्र राहिली होती, त्यांनी सुरुवातीच्या त्या नोंदींमध्ये एकमेकांच्या अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला होता. जी वेगळी झाली, त्यांच्यात हेच प्रमाण सुमारे ३३ टक्के होतं.

शंभरातल्या चौदा हाका टिकलेल्या जोड्यांनीही चुकवल्या होत्या, हेही लक्षात घ्या. थकलेलं असताना 'आत्ता डोकं चालत नाहीये, आंघोळ करून येतो मग सांग' एवढं म्हटलं तरी ओ मिळते. फक्त मग आंघोळ करून आल्यावर स्वतःहून विचारायला हवं, 'हां, काय सांगत होतीस?' ते विचारणं राहून गेलं, तर आधीचं वाक्य तोंडदेखलं ठरतं.

याच्या जवळचीच एक गोष्ट आहे जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जोडीदाराच्या अडचणीत आपण धावून जातो, पण त्याच्या आनंदात किती सामील होतो? शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००४ सालचं संशोधन याच विषयावर होतं. चांगली बातमी सांगितल्यावर जोडीदार उत्साहाने, आपुलकीने आणखी विचारतो असं ज्यांना वाटत होतं, ते नात्यात अधिक समाधानी होते. माझ्यासमोर बसलेली माणसंही हे दुखणं वर्षानुवर्षं उराशी धरून असतात. 'मला बढती मिळाल्याचं सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, मग आता घरी यायला आणखी उशीर होणार का?' काळजी रास्त होती. पण ती दुसऱ्या दिवशीही बोलता आली असती.

आता भांडणाकडे येते, कारण तुमचा खरा ताण तिथे आहे. एक प्रसंग देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. विम्याचा हप्ता भरायचा राहून गेला. ती म्हणाली, 'तुला एक काम सांगितलं तर ते लक्षात राहत नाही. सगळं मीच बघायचं का?' तो म्हणाला, 'मी काय रिकामा बसलो होतो? मागच्या महिन्यात तू काय विसरलीस ते काढू का?' ती म्हणाली, 'काढ ना, तेवढंच तर येतं तुला.' तो उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि रात्रभर बोलला नाही.

एवढासाच प्रसंग, आणि नातं पोखरणाऱ्या चारही सवयी त्यात आल्या. चूक सोडून माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणं. लगेच बचावाला उभं राहून उलटा आरोप करणं. तुच्छतेने बोलणं. आणि शेवटी स्वतःभोवती भिंत घालून घेणं. गॉटमन यांच्या मांडणीत या चारांतली तुच्छता सर्वांत घातक आहे, आणि माझा अनुभवही तसाच आहे. राग माणसाला दुखावतो, पण रागात 'मला तुझ्याकडून काहीतरी हवंय' हे शिल्लक असतं. तुच्छतेत 'तुझी लायकीच नाही' असं असतं. नक्कल करणं, डोळे फिरवणं, चारचौघांत पाणउतारा करणं, टोमणे मारणं, ही सगळी तिचीच रूपं. तुमच्या भांडणांत हे शिरलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी याला हात घाला.

त्या दोघांना मी तोच प्रसंग पुन्हा बोलायला सांगितला. तिला म्हटलं, काय झालं, तुला काय वाटलं आणि तुला काय हवंय, एवढंच बोल. 'तू नेहमी', 'तू कधीच' हे शब्द नकोत. ती म्हणाली, 'हप्ता राहिला हे कळल्यावर मला फार टेन्शन आलं. अशी सगळी कामं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहेत असं वाटतं. पैशांची कामं तू पूर्ण तुझ्याकडे घेशील का?' त्यावर तो म्हणाला, 'तू सगळं बघतेच आहेस असं वाटून मी लक्षच काढून घेतलं होतं.' त्यांची खरी अडचण इथे पहिल्यांदा उघड झाली. हप्ता हे निमित्त होतं. घर चालवायचं म्हणजे कामं करण्याच्या आधी ती लक्षातही ठेवावी लागतात, आणि ते ओझं एकाच माणसावर होतं. पुढचे कित्येक आठवडे आम्ही त्यावरच बोललो. आधीच्या पद्धतीने ते भांडण शंभर वेळा झालं असतं, तरी त्यांना हे कळलं नसतं.

वाद कसा सुरू होतो, याला इतकं महत्त्व का? सिबिल कॅरेर आणि गॉटमन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवविवाहित जोडप्यांच्या वादाची फक्त पहिली तीन मिनिटं तपासली होती, आणि पुढच्या सहा वर्षांत कोणती जोडपी विभक्त होतील याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी येत होता. इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. 'नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने घटस्फोट सांगता येतो' असे दावे वाचून घाबरू नका. त्यातले बरेच आकडे निकाल आधीच माहीत असलेल्या जोडप्यांवर बसवलेले होते, आणि यावर इतर संशोधकांनी रास्त आक्षेप घेतले आहेत. भविष्य म्हणून नव्हे, तर विषय मऊपणे काढायची आठवण म्हणून ही तीन मिनिटं ध्यानात ठेवा.

शब्दाने शब्द वाढत गेला, की एका टप्प्यावर शरीरच ताबा घेतं. छाती धडधडते, नाडी शंभरच्या वर जाते, कानावर पडलेलं नीट डोक्यात शिरत नाही. अशा वेळी समजूतदार माणूसही समजुतीने बोलू शकत नाही. तिथे थांबणंच योग्य, आणि शरीर शांत व्हायला साधारण वीस मिनिटं तरी लागतात. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव करत बसलात, तर मात्र काहीच शांत होणार नाही. चालायला जा, भांडी आवरा, काहीही करा.

पण थांबणं आणि अबोला धरणं यांत मोठा फरक आहे, आणि तो समोरच्याला कळला पाहिजे. 'मी आत्ता फार तापलोय, अर्ध्या तासाने बोलू' असं सांगून जाणारा परत येणार असतो. काहीच न बोलता निघून जाणारा मागच्या माणसाला टांगणीला लावतो. बऱ्याच घरांत एक जण विषय लावून धरतो आणि दुसरा मिटून घेतो. लावून धरणाऱ्याला वाटतं, आत्ता नाही बोललो तर कधीच बोलणं होणार नाही. मिटून घेणाऱ्याला वाटतं, आता तोंड उघडलं तर आणखी चिघळेल. दोघंही आपापल्या परीने नातंच वाचवत असतात, पण समोरून ते अनुक्रमे हल्ला आणि बेपर्वाई असं दिसतं. सू जॉन्सन यांनी लेस्ली ग्रीनबर्ग यांच्यासोबत १९८० च्या दशकात विकसित केलेली भावनाकेंद्री उपचारपद्धती याच फेऱ्यावर काम करते. त्यात 'चूक कुणाची' हा प्रश्न मागे ठेवून, या फेऱ्यात अडकल्यावर आतून तुला कशाची भीती वाटते, हे विचारलं जातं. घरीही हा प्रश्न विचारता येतो, मात्र दोघं शांत असताना.

परत येण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते टिकणाऱ्या नात्याची सर्वांत भरवशाची खूण तीच आहे. भांडणानंतर पहिलं पाऊल कोण टाकतं, आणि दुसरा त्याला येऊ देतो का? पहिलं पाऊल बऱ्याचदा अगदी साधं असतं. खांद्यावर हात, एखादा जुना विनोद, 'झोप लागत नाहीये ना?' अशी विचारपूस. ते दिसलं की स्वीकारा. 'आधी माफी, मग बोलणं' असं म्हणून परतवून लावलंत, तर पुढच्या वेळी ते पाऊल पडणार नाही. माफीही यायला हवीच, पण ती थोडी नंतर आली तरी चालते. माफी मागताना आपण काय केलं त्याचं नाव घ्या: 'सगळ्यांसमोर तुला अडवलं, ते चुकलं.' 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' या वाक्यात सगळा दोष वाईट वाटून घेणाऱ्याकडे जातो, म्हणून ते ऐकून कुणाचंच मन निवत नाही. आणि एकदा मिटलेलं प्रकरण पुढच्या भांडणात हत्यार म्हणून बाहेर काढू नका. तसं झालं, की मिटवण्यावरचाच विश्वास उडतो.

भांडणात 'मग वेगळेच होऊ या' हे वाक्यही नको. ज्याला खरोखर वेगळं व्हायचं आहे त्याने ते शांतपणे, विचारपूर्वक बोलावं. पण नुसतं जिंकण्यासाठी ते वापरलं, की समोरचा मनातून एक पाय बाहेर ठेवून राहू लागतो. कॅरिल रुस्बल्ट यांनी १९८० च्या सुमारास मांडलेल्या प्रारूपानुसार बांधिलकी तीन गोष्टींवर उभी असते: नात्यातलं समाधान, बाहेरचे पर्याय किती आकर्षक वाटतात ते, आणि नात्यात आजवर काय काय गुंतवलं आहे ते. सतत दारं उघडी असल्याची आठवण करून दिली, तर कोणीच आपलं काही गुंतवायला धजत नाही.

तडजोडीबद्दल तुम्ही विचारलंत. पडतं घेणं चांगलंच, पण ते कोण घेतं ते पाहा. दर वेळी एकच जण घेत असेल, तर ती तडजोड नसते, ती साठत जाणारी अढी असते. अशी अढी बाहेर येते तेव्हा निमित्त राईएवढं असतं, आणि समोरच्याला कळतच नाही की एवढं काय झालं. कायमच्या फरकांवर बोलताना मी एकच प्रश्न सुचवते: 'ही गोष्ट तुला इतकी महत्त्वाची का वाटते?' पैसा जपणाऱ्याच्या मागे बहुतेक वेळा ओढगस्तीत गेलेलं बालपण असतं. ते ऐकल्यावर तो कंजूष वाटत नाही. खर्च किती करायचा हा वाद उरतोच, पण दोन माणसांमधला वाद म्हणून उरतो.

नशिबाचाही वाटा आहे, मी नाकारत नाही. नोकरी जाणं, आजारपण, तान्हं मूल, घरातल्या वृद्धांची शुश्रूषा, कर्ज, या ओझ्याखाली चांगली माणसं एकमेकांशी वाईट वागतात. बेंजामिन कार्नी आणि टॉमस ब्रॅडबरी यांनी १९९५ मध्ये हेच मांडलं: माणसांच्या मूळच्या जखमा, बाहेरून येणारा ताण आणि जुळवून घेण्याची दोघांची क्षमता, या तिन्हींचा मेळ पाहिल्याशिवाय नातं समजत नाही. म्हणून काळ कठीण असेल तेव्हा 'आपलं प्रेम आटलं' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. 'सध्या आपण दोघंही थकलोय' हे एकमेकांना मोठ्याने सांगा, आणि नात्याबद्दलचे मोठे निर्णय अशा महिन्यांत शक्यतो घेऊ नका.

शारीरिक जवळिकीबद्दल जोडपी सर्वांत शेवटी बोलतात, तेही मी विचारलं तर. ओढ कमी-जास्त होणं अगदी स्वाभाविक आहे. त्याबद्दल बोलणं बंद झालं, की एकाला नाकारल्यासारखं आणि दुसऱ्याला ओढाताण झाल्यासारखं वाटत राहतं. तुमच्यात हा विषय निघत नसेल तर तो काढा. मात्र अंथरुणात, नकार मिळाल्या क्षणी काढू नका. नावीन्याचं म्हणाल, तर आर्थर ॲरन यांच्या २००० सालच्या प्रयोगांत मिळून काहीतरी नवं आणि उत्साहाचं करणाऱ्या जोडप्यांना नात्याबद्दल अधिक चांगलं वाटलं. दोघांनाही न येणारी एखादी गोष्ट सोबत शिकायला घ्या, एवढं पुरे.

एक छोटा उपाय मी अनेकांना सुचवते. एलाय फिंकेल आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात १२० विवाहित जोडपी होती. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच समाधान थोडं घसरलं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी फक्त सात मिनिटं लिहायला सांगितलं: दोघांचंही भलं इच्छिणाऱ्या एखाद्या तटस्थ माणसाला तुमचं अलीकडचं भांडण कसं दिसेल? त्या जोडप्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची सुरू राहिली. भांडणं त्यांचीही होत होती, पण त्यांचा मनस्ताप कमी झाला होता. तुमच्या पुढच्या भांडणानंतर, दुसऱ्या दिवशी, दोघांनी वेगवेगळं बसून हे लिहून पाहा. एकमेकांना वाचून दाखवायची सक्ती नको.

हे सगळं कुणाला लागू नाही, तेही स्पष्ट सांगते. मारहाण, धमक्या, पैसे किंवा फोन ताब्यात ठेवणं, मित्रमैत्रिणी आणि घरच्यांपासून तोडणं, मनाविरुद्ध शरीरसंबंध, यातलं काही घडत असेल, तर मऊ सुरुवात आणि समजूतदारपणा यांनी ते थांबत नाही. तिथे नातं टिकवण्याआधी जीव आणि मन सुरक्षित ठेवायचं असतं. विश्वासातल्या माणसाला सांगा, मदत घ्या. बोलताना शब्द जपून वापरावे लागतात ते भांडण वाढू नये म्हणून, की भीती वाटते म्हणून? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला एकांतात विचारावा. अशी परिस्थिती असेल तर दोघांनी एकत्र समुपदेशनाला बसणंही बऱ्याचदा धोक्याचं ठरतं. आधी एकट्याने भेटा.

तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुमच्या बाबतीत मी भांडणाच्या विषयाकडे सध्या पाहणार नाही. येते दोन आठवडे एवढंच बघा, की दिवसभरात एकमेकांच्या हाकांना ओ मिळते का, आणि भांडणानंतर परत यायला किती वेळ लागतो. तो वेळ काही तासांचा असेल, तर घरच्या घरी बरंच करता येईल. दिवसच्या दिवस जात असतील, किंवा परत येणारी व्यक्ती दर वेळी एकच असेल, तर आत्ताच समुपदेशकाकडे जा. जोडपी फार उशिरा येतात, तोवर दोघांपैकी एकाचा मनातून निर्णय झालेला असतो. जोडीदार यायला तयार नसेल, तर तुम्ही एकट्याने सुरुवात करा. त्या फेऱ्यातली आपली बाजू बदलली, तर समोरच्याला त्याची जुनी बाजू तशीच चालू ठेवणं अवघड जातं, आणि काही आठवड्यांनी तो स्वतःहून सोबत आल्याचंही मी पुष्कळदा पाहिलं आहे.